गाडीच्या विजेवर विशेष सर्वसाधारण सभा

कुंदा वालावलकर यांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात केली. त्या काळी मुंबईत घरात फोन असणं ही प्रतिष्ठा होती आणि तो बंद असणं ही सवय. लोक शेजाऱ्याच्या फोनवरून कुंदाताईंना आपला फोन मेल्याची खबर देत. त्या शांतपणे ऐकून घेत आणि दोन प्रश्न विचारत. शेवटचा नीट कधी चालला होता? आणि मधे काय काय झालं? दुसऱ्या प्रश्नाला प्रत्येक जण "काहीच नाही" म्हणे. मग थोडं खोदलं की कळे, मधे घराला रंग काढला होता, किंवा कपाट सरकवताना त्याचा पाय वायरवर आला होता, किंवा जावयाने हौसेने वायर कापून आतल्या खोलीत नेली होती. कुंदाताईंचं त्यातून एक मत झालं. तक्रारदार खोटं बोलत नाही, तो फक्त गोष्ट मधूनच सुरू करतो.

निवृत्तीनंतर हे मत वापरायला त्यांना माणसं मिळेनात. घरी अनंतराव होते, पण ते तक्रारच करत नसत.

मुलुंड पूर्वेला 'एकमत' सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर दोघं राहतात. इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. ती बांधली तेव्हा बहुतेक सभासद तिशीतले होते आणि आपण कधी सत्तरीचे होऊ हे नकाशात कुणीच दाखवलं नव्हतं. अनंतराव औषधाच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचे. आता त्यांची फुप्फुसं दर वर्षी थोडी थोडी आखडत चालली आहेत. नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, चाकांवरचं, छोट्या फ्रीजएवढं यंत्र असा त्यांचा संसार झाला आहे. घरात त्याला सगळे 'मशीन' म्हणतात. मशीनला वीज लागते. गेल्या दीड वर्षात अनंतराव दोनदाच जिना उतरले, आणि दोन्ही वेळा खाली अँब्युलन्स उभी होती.

म्हणून सोसायटीच्या पुनर्विकासाकडे वालावलकर इतरांसारखे बघत नव्हते. इतरांना वाढीव कार्पेट एरिया हवा होता, कुणाला पार्किंग, कुणाला नुसताच बिल्डरशी भांडण्याचा आनंद. अनंतरावांना लिफ्ट हवी होती. खाली जायचं, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पेपर आणायचा आणि परत वर यायचं, एवढाच त्यांचा पुनर्विकास.

त्यासाठी विशेष सभा भरवावी लागते, तिला सरकारी अधिकारी हजर राहतो, चित्रीकरण होतं आणि दोनतृतीयांश सभासद प्रत्यक्ष जागेवर असावे लागतात. मागच्या वेळी एक माणूस कमी पडला. तो माणूस तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत होता. अनंतरावांनी नळीसकट खिडकीशी येऊन हात वर केला होता, चांगला उंच. अधिकाऱ्यांनी वर पाहिलं, चष्मा पुसला आणि सांगितलं की सभासद सभास्थानी उपस्थित पाहिजे, सभास्थानाच्या वर नव्हे. सभा रद्द झाली. शेअर सर्टिफिकेटवर कुंदाताईंचं नाव असतं तर त्या बसल्या असत्या, पण ते घालायचं गेली पस्तीस वर्षं राहून गेलं होतं.

पुढची तारीख नोव्हेंबरातल्या एका रविवारची मिळाली. अनंतरावांनी त्याच दिवशी जाहीर केलं, "मी खाली येणार."

"येणारच," कुंदाताई म्हणाल्या. "कसं ते मी बघते."

मग वीज कंपनीची नोटीस आली. जमिनीखालची केबल बदलायची असल्याने त्याच रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच गल्लीचा वीजपुरवठा बंद.

सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश सामंत तळमजल्यावर राहतात. त्यांच्या खिडकीबाहेर त्यांनी हळूहळू लाद्या घातल्या, मग कुंड्या ठेवल्या, मग झोपाळा टांगला. नकाशात ती जागा सर्वांची आहे. इमारत आहे तशीच किती छान आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. कुंदाताई सभा पुढे ढकलायचं विचारायला गेल्या तेव्हा ते झोपाळ्यावरच होते.

"अधिकारी मॅडमकडे अजून चाळीस सोसायट्या आहेत काकू. ही तारीख गेली की एकदम मार्चनंतर."

"मग जनरेटर आणा."

"जनरेटरला परवानगी लागते. आणि आवाज केवढा. वरच्या जोश्यांचं बाळ झोपतं." मग ते मायेने म्हणाले, "काकांना कशाला त्रास देता? तब्येत महत्त्वाची."

"तब्येतीसाठीच चाललंय."

"पण मशीन चालवणार कशावर?"

"गाडीवर."

यज्ञेश हसले. "गाडी आहे की पिठाची गिरणी?"

गाडी होती. बासष्टाव्या वर्षी कुंदाताई ड्रायव्हिंग शिकल्या, कारण हॉस्पिटलमधून घरी परतताना मशीनसकट पेशंट बघितला की टॅक्सीवाल्यांना अचानक दुसरं भाडं आठवायचं. गाडी विजेवरची घेतली. शोरूममधल्या मुलाने एका तळ्याकाठी तंबू ठोकून गाडीच्या विजेवर कॉफी करणारं जोडपं चित्रात दाखवलं होतं. कुंदाताई कॉफी पीत नाहीत आणि तंबूत राहण्याचा त्यांचा विचार नव्हता. पण गाडीच्या बॅटरीतून बाहेरच्या वस्तूंना वीज देता येते, हे वाक्य त्यांनी मनात बाजूला काढून ठेवलं.

त्यासाठी गाडीसोबत एक जाड प्लग मिळतो. गाडी चार्ज करायचं जे तोंड, त्यातच तो बसवायचा. त्याच्या दुसऱ्या टोकाला घरातल्यासारखा चार सॉकेटचा बोर्ड असतो. त्यात काहीही लावा, चालतं.

सभेआधीच्या गुरुवारच्याही आधीच्या गुरुवारी कुंदाताईंनी पार्किंगमध्ये जाऊन प्लग बसवला आणि बोर्डात टेबललॅम्प लावला. लॅम्प लागला नाही. गाडीच्या पडद्यावर अक्षरं आली: बाहेरील उपकरण जोडलेले नाही.

त्यांनी प्लग काढून पुन्हा बसवला. खटका नीट बसल्याचा आवाज आला. पडद्याने तेच सांगितलं. त्यांनी लॅम्प घरात नेऊन लावून पाहिला, तो लागला. म्हणजे लॅम्प निर्दोष सुटला.

शेवटचं नीट कधी चाललं होतं? हे त्यांना पक्कं आठवत होतं. ऑगस्टमध्ये. नवीन गाडी आल्यावर खात्री करायला त्यांनी पार्किंगमध्ये मिक्सर लावून नारळाची चटणी वाटली होती. झकास झाली होती. त्याबद्दल सोसायटीकडून 'पार्किंगच्या जागेचा व्यावसायिक वापर' अशी नोटीसही आली होती, म्हणजे पुरावा लेखी होता.

आणि मधे काय झालं?

काहीच नाही, असं कुंदाताईंनी स्वतःला सांगितलं.

पुढचे दोन दिवस त्यांनी गाडीची जाड पुस्तिका वाचून काढली. बॅटरी एका मर्यादेखाली गेली की गाडी बाहेर वीज देणं थांबवते असं त्यात होतं. ती मर्यादा त्यांनी खाली आणली. गाडी पार्किंगच्या गिअरमध्ये हवी असं होतं, ती तशीच होती. बाहेर वीज देण्याची सोय सेटिंगमध्ये बंद असू शकते असं होतं, ती सुरू होती. गाडी पूर्ण बंद करून, कुलूप लावून, चहा पिऊन परत उघडून बघा, असं पुस्तिकेत जवळपास याच शब्दांत होतं. चहा दोनदा झाला.

"काय म्हणतेय गाडी?" अनंतरावांनी विचारलं.

"म्हणतेय, काही जोडलेलंच नाही."

"मग जोडलेलं नसेल."

"अहो, मी हाताने जोडलंय."

"तुझ्या तक्रारदारांसारखी बोलतेयस," अनंतराव म्हणाले आणि खोकले. कुंदाताईंना ते आवडलं नाही, पण नोंद घ्यावी लागली.

सोमवारी त्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. तिथल्या आकाश नावाच्या तरुणाने प्लग हातात घेतला, वजन केल्यासारखा हलवला आणि सांगितलं, "हा गेलाय मॅडम. नवीन मागवू. तीन आठवडे."

"गेलाय हे कशावरून?"

"अनुभव आहे ना."

"तुम्ही तो दुसऱ्या गाडीला लावून बघितलात?"

"दुसऱ्याच्या गाडीला कसा लावणार?" आकाशने धक्का बसल्यासारखं विचारलं.

टेलिफोन खात्यात लाइन खराब की डबा, म्हणजे घरातला फोन, खराब हे ठरवायची एकच रीत होती. चालत असलेला डबा या लाइनला लावायचा, किंवा हा डबा चालत असलेल्या लाइनला. याला अनुभव लागत नाही, दुसरा डबा लागतो. कुंदाताईंना दुसरी गाडी हवी होती, अगदी त्यांच्याचसारखी, आणि तिचा मालक लावू देणारा हवा होता.

त्यांच्या सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाकारली असल्याने त्या गाडी जवळच्या मॉलच्या तळघरात चार्ज करतात. बुधवारी सकाळी त्या तिथे जाऊन एका खांबाजवळ स्टूल टाकून बसल्या. आपल्यासारखी गाडी आली की उठायचं, असं ठरवून. एका साहेबांनी काच खाली न करताच नाही म्हटलं. दुसऱ्यांनी पाच मिनिटं वॉरंटीबद्दल भाषण दिलं. दुपारी तिसरी गाडी आली. तिच्यातून पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातली एक बाई उतरली आणि चार्जर लावून डबा उघडून बसली. चेतना ओव्हाळ. राहणार गोवंडी, गाडी विमानतळाच्या भाड्यांवर चालवते, मूळची लातूरकडची.

कुंदाताईंनी सगळं सुरुवातीपासून सांगितलं. नवरा, मशीन, जिना, रविवार. चेतनाने पोळीचा घास तसाच ठेवला.

"म्हणजे तुमचा प्लग माझ्या गाडीत घुसवायचा, एवढंच ना?"

"एवढंच. काही झालं तर मी भरून देईन."

"काय होतंय काकू. माझ्या गाडीत लोक उलट्या करतात. लावा."

चार्जर काढून चेतनाच्या गाडीत प्लग बसवला आणि लॅम्प लख्ख लागला. कुंदाताई त्या लॅम्पकडे एखाद्या खोटारड्या साक्षीदाराकडे बघावं तसं बघत राहिल्या. प्लग निर्दोष होता. दोष त्यांच्या गाडीत होता.

चेतनाही आता डबा सोडून या भानगडीत उतरली. तिने आपली गाडी कुंदाताईंच्या गाडीशेजारी परत चार्जिंगला लावली आणि दोन्हीचे पडदे बघितले. "तुमची एवढी हळू का भरतेय गं बाई? चार्जर सारखा, वायर सारखी. माझी तुमच्या दुप्पट वेगाने चाललीय."

"दिवाळीच्या आधीपासूनच मॉलचा चार्जर मंद झालाय."

"मॉलचा कुठे? मी त्याच मॉलच्या चार्जरवर आहे ना."

कुंदाताईंनी दोन्ही पडद्यांवरचे आकडे परत वाचले. मंद चार्जिंगचा दोष त्यांनी महिनाभर मॉलच्या माथी मारला होता, आणि त्यांनी तक्रार विभागात ऐकलेली निम्मी गाऱ्हाणी अशीच असत.

चेतनाने त्यांच्या गाडीचा चार्जर काढला, मोबाइलची बॅटरी पेटवली आणि चार्जिंगच्या तोंडात डोकावून बघितलं. "काकू, तुमच्या गाडीला कावीळ झालीय."

"काय झालंय?"

"पिवळी आहे आतून. माझी बघा, काळीभोर."

कुंदाताईंनी वाकून बघितलं आणि मग सावकाश स्टुलावर बसल्या. मधे काय झालं होतं, ते त्यांना आठवलं.

मधे दसरा झाला होता.

त्यांच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खंडेनवमीला यंत्रांची पूजा होत असे. उभ्या चौकटींना झेंडूचे हार, स्वीचबोर्डाला हळदकुंकू, आणि नंतर पेढे. त्या सवयीने त्यांनी दसऱ्याला गाडीची पूजा मनापासून केली. लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात. कुंदाताईंनी बॉनेट उघडून पाहिलं तर आत इंजिनच नव्हतं, पिशव्या ठेवायची जागा होती. पिशव्यांच्या जागेची पूजा करणं त्यांना तर्काला धरून वाटलं नाही. चाकं काय, कुठल्याही गाडीला असतात. या गाडीचा जीव जिथून येतो ती जागा म्हणजे चार्जिंगचं तोंड. म्हणून त्यांनी त्याचं झाकण उघडून, बोट ओलं करून, आतल्या एकेका पिनेला नेमाने हळद लावली, नेमाने कुंकू लावलं आणि वर अक्षता टाकल्या. एकही पीन सोडली नाही. देवाला अर्धवट केलेलं चालत नाही.

"दसऱ्याला मीच लावलं," त्या म्हणाल्या.

चेतना इतकी हसली की पलीकडच्या खांबाजवळचा सुरक्षारक्षक पुढे आला. "तिकडे करंट असतो ओ काकू! तिकडे कुंकू?"

"तू नाही करत पूजा?"

"आमचं त्या दिवशी धम्मचक्र. मी नागपूरला गेलेली. गाडीला निळा झेंडा लावला, पण बाहेरून."

बाकीचं कुंदाताईंनी घरी पुस्तिका समोर ठेवून जुळवलं. त्या तोंडात जाड पिना वीज वाहतात, आणि दोन बारक्या पिना फक्त निरोप सांगतात. काय जोडलंय, किती पेलवेल, एवढंच. बारक्या पिनेवर हळदकुंकवाचा थर वाळून बसल्यावर निरोप अर्धवट पोचू लागला. चार्जरची जाड वायर गाडीला बारीक वाटू लागली, म्हणून ती बिचकत बिचकत वीज घ्यायची. आणि बाहेर वीज देणाऱ्या प्लगचा निरोप तर तिला ओळखूच येईना, म्हणून ती काही जोडलेलं नाही असं म्हणायची. गाडी खोटं बोलत नव्हती.

"माझा ब्रश कुठाय?" गुरुवारी सकाळी अनंतरावांनी विचारलं. दातांच्या फटी साफ करायचा त्यांचा एक बारीक ब्रश होता.

"गाडीच्या दातात."

गाडी पूर्ण बंद करून, काहीही जोडलेलं नाही याची दोनदा खात्री करून कुंदाताई पार्किंगमध्ये बसल्या होत्या. पाणी नाही, तेल नाही, फक्त स्पिरिट. एक्स्चेंजमध्ये संपर्क स्वच्छ करायची हीच रीत होती. फडक्यावर पिवळं उतरलं, मग लाल, मग परत पिवळं. तासभर वाळू दिल्यावर त्यांनी प्लग बसवला. लॅम्प लागला. आणि विझला. आणि लागला.

"वाट लागली," वरून जिन्यात उभं राहून बघणारा प्रीतम म्हणाला. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो, व्यायामशाळेत शिकवतो.

"वाट अर्धी सापडलीय," कुंदाताई म्हणाल्या आणि परत ब्रश उचलला. निरोप पोचत होता, पण अडखळत. बारक्या पिनेच्या मागे, अगदी कोपऱ्यात, कुंकवाने माखलेली एक अख्खी अक्षता बसली होती. ती प्लगला शेवटचा केसभर आत जाऊ देत नव्हती. ती काढायला भुवयांचा चिमटा लागला आणि दुपार गेली.

त्यानंतर लॅम्प विझला नाही. मग मिक्सर लावला, मग इस्त्री. यज्ञेश येता जाता बघत होते, पण या वेळी नोटीस आली नाही. शनिवारी अनंतरावांना तेवढा वेळ ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरवर ठेवून प्रीतमने मशीन खाली आणलं. ते गाडीवर तासभर चाललं. बॅटरीचा आकडा जेमतेम हलला.

सिलिंडर का नाही सभेला, असं पुष्कळांनी विचारलं. तो दोन तास पुरतो, आणि 'एकमत'ची सभा दोन तासांत मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करते. शिवाय मतदान सगळ्यात शेवटी. सिलिंडर फक्त जिन्यासाठी होता, उतरताना निम्मा आणि चढताना निम्मा.

रविवारी दहाच्या ठोक्याला वीज गेली. प्रीतम आणि त्याच्या दोन मित्रांनी अनंतरावांना हातांच्या लाकडी खुर्चीत बसवलं. "पालखी नको," अनंतराव म्हणाले. "मग खुर्ची म्हणा," कुंदाताई म्हणाल्या. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, कमरेशी सिलिंडर. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवून थांबत थांबत ते खाली आले. बदामाच्या झाडाखाली गाडी लावलेली होती, शेजारी मशीन घरघरत होतं. नळी बदलली. अनंतरावांनी सगळीकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, "तो झोपाळा कधी आला?"

यज्ञेश दुसरीकडे बघत होते, कारण त्यांच्यासमोर वेगळाच प्रश्न होता. माइक आणि चित्रीकरण दोन्ही त्यांनी सोसायटीच्या प्लगवर ठरवलं होतं. नोटीस त्यांनीच फलकावर लावली होती, पण वीज जाणार ती फक्त काकांच्या मशीनची, असं ते धरून चालले होते.

अधिकारी बाईंनी घड्याळ बघितलं. "चित्रीकरण नाही तर सभा नाही."

सगळ्यांनी गाडीकडे बघितलं. यज्ञेश बदामाच्या झाडापर्यंत आले. "काकू, गिरणीत थोडं आमचं पण दळून मिळेल का?"

"मिळेल की. पण या बोर्डात काय लावायचं ते मी लावणार."

माइक लागला, कॅमेरा लागला. सभा सुरू झाली. इतिवृत्तावर ठरल्याप्रमाणे भांडण झालं. कुणीतरी बिल्डरच्या बहिणीच्या सासरचं नाव काढलं. अनंतराव प्रत्येक मुद्दा लक्ष देऊन ऐकत होते आणि मधे मधे "चूक" म्हणत होते, हळू आवाजात, स्वतःपुरतं.

मतदानाची वेळ आली तेव्हा माइकवर यज्ञेश होते. "तर सभासदांनी आता—" एवढं म्हणाले आणि माइक गेला. कॅमेऱ्याचा दिवा गेला. मशीनने लांब शिट्टी वाजवली.

कुंदाताई वळल्या. त्यांच्या मागे चौथ्या मजल्यावरचे भाऊ मांजरेकर उभे होते. ऐंशीच्या घरातले, सोसायटीचे पहिले खजिनदार. त्यांनी बोर्डाच्या उरलेल्या सॉकेटमध्ये दुसरा बोर्ड लावून एका बाजूला इंडक्शनची शेगडी आणि दुसऱ्या बाजूला पाणी तापवायचं मोठं भांडं सुरू केलं होतं.

"चहा," भाऊ म्हणाले. "बाई सकाळपासून बसल्यात. बरं दिसत नाही."

पाहुण्याला चहा न देता मतदान घेणं भाऊंना पटण्यासारखं नव्हतं. गाडी एका मर्यादेपलीकडे वीज देत नाही. मर्यादा ओलांडली की सगळं बंद करते, चहाचं आणि श्वासाचं सारखंच.

अनंतरावांना सिलिंडर लावला. काटा अर्ध्याच्या खाली होता. उरलेला ऑक्सिजन जिना चढण्यासाठी होता.

"काकांना वर न्या," यज्ञेश म्हणाले, आणि या वेळी आवाजात खरोखर काळजी होती. "जीव महत्त्वाचा. सभा काय, परत होईल."

"मार्चनंतर," अनंतराव नळीतून म्हणाले. त्यांचे ओठ थोडे निळसर दिसत होते. "मी उपस्थित आहे. बाई, नोंद घ्या."

कुंदाताई तोपर्यंत गाडीत होत्या. बोर्डातलं सगळं त्यांनी उपटून काढलं, मशीनसुद्धा. प्लग काढला. गाडी बंद केली, दार लावून कुलूप केलं आणि उभ्या राहिल्या. गाडीला आपली चूक विसरायला दोन मिनिटं लागतात. ती कुणी कमी करू शकत नाही.

"काय करताय?" कुणीतरी ओरडलं. "लवकर करा ना!"

"हेच लवकर आहे," त्या म्हणाल्या. तक्रार विभागात त्यांना रोज कुणीतरी ओरडत असे. त्या आवाजात काम करायची त्यांना सवय होती.

दोन मिनिटं त्या हलल्या नाहीत. मग कुलूप उघडलं, प्लग खटका ऐकू येईपर्यंत दाबला, पडद्यावर 'उपकरण जोडले आहे' आलं, आणि बोर्डात पहिली वस्तू म्हणून मशीन गेलं. ते घरघरलं. अनंतरावांची नळी बदलली, सिलिंडरची चावी बंद केली. मग कॅमेरा. मग माइक.

"भाऊ, चहा गॅसवर करा," त्या म्हणाल्या. "आणि माझा एक कप."

अधिकारी बाईंनी उपस्थिती पुन्हा मोजली. मोजताना प्रत्येकाकडे पेन रोखत गेल्या आणि बदामाच्या झाडाखाली थांबल्या. "आपण?"

"अनंत वालावलकर. तिसरा मजला," ते म्हणाले. "मागच्या वेळी वर होतो."

गणसंख्या भरली. हात वर झाले. अनंतरावांचा हात पहिल्यापासूनच वर होता, ठराव वाचून होईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही. यज्ञेशनीही शेवटी हात वर केला, कदाचित सगळे बघत होते म्हणून. ठराव मंजूर झाला. लिफ्ट यायला चार वर्षं लागतील असं बिल्डरचा माणूस म्हणाला, म्हणजे सहा.

खुर्च्या गोळा झाल्या. भाऊंचा चहा आला आणि संपला. साडेचारलाच वीज परत आली, चौथ्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही आपोआप बोलू लागला. प्रीतम आणि मित्र खुर्चीजवळ येऊन उभे राहिले.

"काका, चला. वर मशीन लावता येईल आता."

अनंतराव कंपाउंडच्या फाटकाकडे बघत होते. बाहेर नारळपाणीवाला शहाळी रचत होता. पोरं सायकली घेऊन गोल गोल फिरत होती.

"गाडीत किती आहे अजून?" त्यांनी विचारलं.

कुंदाताईंनी दार उघडून पडद्याकडे बघितलं, मग दार लावलं आणि त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसल्या.

"पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या. "बसा."